छाती भरतीत फुगव, पंपावर नको

या वेळचं पत्र परभणी जिल्ह्यातल्या एका २४ वर्षांच्या तरुणाचं आहे. घरी अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. लहानपणापासून तालमीत. दिवसा पोलीस भरतीची तयारी, रात्री महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर काम. महिन्यापूर्वी रात्री अकराच्या सुमाराला एका मोटारसायकलवर तिघं आले, त्यातले दोघं पिलेले. बाटलीत पेट्रोल दे म्हणाले. बाटलीत द्यायचं नाही असा मालकाचा हुकूम, म्हणून यानं नाही म्हटलं. एक जण आईवरून शिवी देत अंगावर आला. याच्या एका हातात नोझल तसंच होतं. यानं दोन्ही हात डोक्याच्या बरोबरीनं वर केले, 'भाऊ, मला भांडायचं नाही, मालकाला विचारा' म्हणत मागं सरला. सरताना टाच मशीनच्या ओट्याला लागली, हा धडपडला, पायातली स्लीपर निसटली. पाच-सात मिनिटांनी ते शिव्या घालत निघून गेले. तिसऱ्यानं मोबाइलवर काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सकाळी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. तालमीतली पोरं आता याला 'हात वर पैलवान' म्हणतात. वस्ताद मात्र काहीच बोलले नाहीत आणि तेच जास्त लागलंय. तो विचारतो: 'मी भ्यालो का? हात थरथरत होते हे खरं आहे. पुढच्या वेळी छाती काढून उभं राहू का? पोलीस व्हायला निघालेल्यानं असं मागं सरणं शोभतं का?'

---

तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं मुलींना स्वसंरक्षणही शिकवलं. माझ्या पहिल्या वर्गातल्या मुलींची पोरं आता तुझ्याएवढी झालीत.

पत्रात एक गोष्ट तू धरूनच चाललायस. अंगावर आलेल्या माणसासमोर उभं राहायच्या दोनच तऱ्हा: छाती काढून डोळ्याला डोळा भिडवला तर मर्द, नाहीतर हात जोडून गयावया करणारा भित्रा. पहिलं केलं नाहीस म्हणजे दुसरं केलंस, असा तुझा हिशोब. बाकी कुणी असा हिशोब मांडला असता तर मी समजून घेतलं असतं. तालमीत वाढलेल्यानं मांडावा याचं नवल वाटलं.

सलामी झाली, हाताला माती लावली, की तू कसा उभा राहतोस? पाय जुळवून छाती काढणाऱ्याचा पहिल्या झटक्याला पट निघतो आणि तो आभाळ बघतो. वस्तादांनी तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं असणार: गुडघे सैल ठेव, एक पाय पुढं एक मागं, कंबर जरा खाली, हात पुढं आणि उघडे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड बघ. जोड लागली की दोघं गोल फिरतात, हाताला हात लावून अंदाज घेतात, मागंपुढं सरतात. तेव्हा मागं सरलेल्याला बघणाऱ्यांतला कुणी 'भ्याला रे' म्हणून ओरडत नाही. तुला चिडवणारी पोरं रोज संध्याकाळी लाल मातीत नेमकं तेच करतात. पंपावर तुझ्या अंगाला तेच आठवलं. थोडं चुकतमाकत आठवलं, त्याकडं मी येतेच.

आधी थरथरण्याचं बोलू. अंगावर कुणी आलं की शरीरात अॅड्रेनलिन सुटतं. काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, हातपाय कापतात, नजर समोरच्यावर एवढी खिळते की शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही. भरतीच्या मैदानावर शंभर मीटरच्या रेषेवर शिट्टीची वाट बघताना मांड्या थरथरतात ना, हे तेच आहे. तिथं तू त्याला भीती म्हणत नाहीस. अशा वेळी वेळही ताणल्यासारखी वाटते, त्यामुळं तुझी 'पाच-सात मिनिटं' प्रत्यक्षात दोनही असतील. थरथर थांबवायच्या मागं लागू नकोस, ती थांबत नसते. श्वास मात्र हातात असतो. नाकानं आत, तोंडानं बाहेर, आणि बाहेर सोडताना आत घेतल्यापेक्षा जास्त वेळ. एवढं केलंस तरी आवाज चिरकत नाही.

आता चुकलेलं. तो व्हिडिओ एकदा वस्ताद कुस्ती बघतात तसा बघ, लाज बाजूला ठेवून.

पहिली चूक नोझलची. दारू पिलेल्याला तुझ्या हातातलं नोझल दिसत नाही, हातात काहीतरी धरलंय एवढंच दिसतं, आणि त्याचं डोकं तिथंच फिरतं. झटापट झाली तर पेट्रोल सांडतं, आणि त्या तिघांपैकी एकाच्या ओठात बिडी नव्हती याची खात्री आहे का तुला? शिवी कानावर आली की पहिलं काम नोझल मशीनला अडकवणं. त्यात एक फायदा लपलेला आहे. अडकवायला वळावं लागतं, म्हणून तू आपोआप त्याला तिरपा होतोस आणि ते मुद्दाम केल्यासारखं दिसत नाही. तिरपं उभं राहणं फार मोलाचं. समोरासमोर छाती भिडली की ते आव्हान होतं. शिवाय पोट, बरगड्या, जांघ सगळं उघडं पडतं. जरा तिरपं, एक पाय मागं, वजन दोन्ही पायांवर: धक्का बसला तरी पडत नाहीस आणि पळायचं झालं तरी पाय तयार असतो.

दुसरी चूक हातांची. ते फार वर गेले. डोक्याच्या बरोबरीनं वर केलेले हात शरण आल्यासारखेच दिसतात, पोरांचं सगळंच काही खोटं नाही. हात कमरेच्या वर आणि हनुवटीच्या खाली हवेत. कोपरं बरगड्यांजवळ, बोटं सैल, तळवे समोर आणि किंचित जमिनीकडं. लहान लेकरू रस्त्यावर धावत निघालं की 'थांब, गाडी येतीय' म्हणत आपण हात करतो, तसे. बघणाऱ्याला वाटतं हा समजावतोय, आणि समजावतच असतोस. पण त्याच्या आणि तुझ्या तोंडाच्या मधे आता कुंपण आहे. त्याला थोबाडीत मारायची झाली तर ते कुंपण ओलांडून यावं लागेल. त्याची छाती तुझ्या तळव्याला लागली तर समज, तो फार जवळ आला. ढकलू नकोस, ढकललं की भांडण तू सुरू केलंस. तिरकं सर आणि आवाज चढव: 'भाऊ, मागं सरका.' अंतर एवढं हवं की पाऊल टाकल्याशिवाय त्याचा हात तुझ्यापर्यंत पोचू नये.

हात पाठीमागं नकोत, खिशात नकोत, छातीवर घडी घालून नकोत, कमरेवर तर मुळीच नकोत. कमरेवरच्या हातांना शिपायाचा रुबाब असतो. तो वर्दी मिळाल्यावरही जपून वापर.

आणि बोट दाखवायचं नाही. हे मी अनुभवानं सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका बसस्थानकावर एक पिलेला माणूस कॉलेजच्या पोरींना त्रास देत होता. मी गेले, आणि शिक्षिकेची जात, वर्गात बोट दाखवतो तसं त्याच्या नाकासमोर बोट नाचवलं. 'काय बघायलास रे? नीघ इथून!' त्यानं ते बोट धरलं आणि पिळलं. कट्ट असा आवाज माझा मलाच ऐकू आला. वर्षानुवर्षं पोरींना 'तळवा उघडा ठेवा' सांगणारी मी, आणि वेळ आली तेव्हा तर्जनीच पुढं. थंडीत ते बोट अजून दुखतं आणि खडू धरला की वाकडं जातं. सराव नसेल तर शिकवलेलं कामाला येत नाही, शिकवणाऱ्यालाही.

मागं सरलास ते बरोबर, पण सरळ मागं सरलास आणि ओट्यानं घात केला. सरायचं तर बाजूला, तिरकं, बैलाला वळसा घालतो तसं. एखाद्या दिवशी उजेडी पंपावर जा आणि मशीनपासून ऑफिसच्या दारापर्यंत उलट्या पावलांनी चाल. ओट्याची कड कुठं, वाळूच्या लाल बादल्या कुठं, हवेचा पाइप कुठं लोळतोय, हे टाचेला माहीत पाहिजे. आणि त्यांच्या गाडीच्या आणि त्यांच्या मधे कधीच उभा राहू नकोस. रस्त्याकडची बाजू मोकळी सोड. निघून जायला वाट नसली की माणूस अंगावर येतो.

बैलाचं नाव निघालंच आहे तर सांगते. आमच्याकडं एक लाल कंधारी होता, मारका. गड्यांनी दोनदा शिंग खाल्लेलं. माझे वडील त्याच्याकडं कधी समोरून गेले नाहीत. बाजूनं जायचे, हात मोकळा, दिसेल असा, तोंडानं 'हो, हो राजा' चालू, नजर त्याच्या खांद्यावर. डोळ्याला डोळा लावला की फुरफुरायचा. पाठ फिरवली की रेटायचा. वडलांना गावात कुणी भित्रा म्हटल्याचं मला आठवत नाही. बैल सांभाळून घेणारा माणूस म्हणायचे.

तू पण नजर खांद्यावरच ठेव. एकटक रोखून बघितलं की 'काय बघायलास' सुरू होतं. मान खाली घातली तर हात कधी उठला ते कळत नाही. त्याच्या गळपट्टीच्या आसपास बघितलं की दोन्ही खांदे दिसतात, आणि मूठ यायच्या आधी खांदा हलतो. हे तुला कुस्तीतून ठाऊक आहे. हसू नकोस. आपण ओशाळून हसतो, पिलेल्याला वाटतं खिदळतोय.

बोलण्यात तू चांगलं केलंस. 'मालकाला विचारा' म्हणालास आणि भांडण तुझ्या अंगावरून उतरवलंस. 'शांत व्हा' म्हणाला नाहीस तेही बरं. ते ऐकून शांत झालेला माणूस मी अजून बघितला नाही. एक भर घाल: नकार देताना हातात काहीतरी दे. 'बाटलीत जमत नाही भाऊ, गाडी मशीनजवळ घ्या, आधी तुमचीच भरतो.' त्याच्यासोबत दोघं होते, एकाच्या हातात मोबाइल. त्यालाही त्यांच्यासमोर तोंड घेऊन जायचं असतं. 'आपल्या शब्दाला मान दिला पोरानं' असं म्हणत जाता आलं तर तो जातो.

काही शिकवणारे सांगतात की उघडे हात म्हणजे निव्वळ सोंग, समोरचा गाफील झाला की पहिला ठोसा तुझा. मला हे पटत नाही. हिंसेचा बेत मनात धरून शांत दिसणं फार थोड्यांना जमतं, बाकीच्यांचा जबडाच चुगली करतो. तयार राहणं वेगळं आणि टपून बसणं वेगळं. तू तयार राहा.

हे सगळं चालतं ते रागावलेल्यावर, पिलेल्यावर, दोस्तांसमोर फुशारलेल्यावर. मारायचं किंवा लुटायचं ठरवूनच आलेल्यापुढं चालत नाही, हे लपवून ठेवलं तर मी तुझा घात करीन. गल्ला मागितला तर गल्ला दे. रक्कम मालकाची आहे, पोट तुझं आहे. बडबडणारा माणूस अचानक गप्प झाला, इकडं-तिकडं कोण बघतंय का बघू लागला, एक हात मांडीमागं किंवा शर्टाखाली गेला, की बोलणं संपलं. तिथून ओरडत पळायचं, ऑफिसचं दार आतून लावायचं, ११२ फिरवायचा. चाकू असेल तर अंतराचा हिशोबच बदलतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की धडधाकट माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात कापतो. मशीनपासून २१ फूट मोजून खडूनं रेघ मार. ती रेघ किती लांब जाते ते बघितलंस की चाकूवाल्याशी समजुतीचं बोलत थांबायची इच्छा राहणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या मुलींसाठी इथं वेगळं सांगावं लागतं. तुमची अडचण बहुधा उलटी असते. याला 'छाती काढ' म्हणून वाढवलं, तुम्हाला 'खाली बघ, गोड बोल' म्हणून. काळीपिवळीत शेजारचा सरकत सरकत मांडीला लागतो आणि मुलगी दप्तर मधे धरून, खिडकीकडं बघत, तोंडावर कसनुसं हसू ठेवून अख्खा रस्ता काढते. हे अंग भांडण टाळत नाही, त्याला मोकळीक देतं. तळवा उघडा तुमचाही, अंतर तेवढंच, पण पाठ सरळ, तोंडावर हसू नाही, आणि आवाज ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढा: 'हात काढा. गाडी थांबवा.' 'काका', 'दादा' लावायची गरज नाही. शेजारच्या बाईकडं बघून 'मावशी, हा माणूस हात लावतोय' म्हणा. आवाज निघणं हेच सगळ्यात अवघड असतं, म्हणून माझ्या वर्गात पहिले दोन दिवस मी नुसतं ओरडायला लावायचे. शेजारच्या वर्गावरचे सर तक्रार घेऊन यायचे.

पोलिसाला शोभतं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. भरतीत छाती मोजतात, न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटर जास्त. ती तिथं मनसोक्त फुगव. पण निवड झाली की चारित्र्य पडताळणी असते, आणि तेव्हा मारामारीचा गुन्हा नावावर निघाला तर खेटे घालता घालता जीव मेटाकुटीला येतो. स्वतःचा बचाव करायचा हक्क कायद्यानं दिलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ पासून पुढं आहे. कलम ३७ त्याला लगाम घालतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर हा हक्क सांगता येत नाही. पंपाच्या कॅमेऱ्यात तुझे उघडे हात आणि तिरकं सरलेलं पाऊल दिसणं, आणि 'मला भांडायचं नाही' हे शेजारच्या मशीनवरच्या पोरानं ऐकलेलं असणं, यांची किंमत तेव्हा कळते. मालकाला सांगून त्या रात्रीचं फुटेज आजच्या आज काढून ठेव. बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांनी जुन्यावर नवं चढतं, आणि तुझा महिना तर उलटलाच. ग्रुपवरचा व्हिडिओ चाळीस सेकंदांचा आहे, शिवी आणि अंगावर येणं त्यात नाहीच.

पोरांचं फार मनावर घेऊ नकोस, पुढच्या कुणाच्या फजितीपर्यंतच ते टिकेल. वस्तादांची गप्प बसण्याची गोष्ट वेगळी. तू तिचा अर्थ 'मान खाली गेली' असा लावलायस. तालमीतला म्हातारा माणूस व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टीवर बोलायचं टाळत असेल, किंवा तू स्वतः येऊन सांगायची वाट बघत असेल. उद्या लवकर जा, माती उकरायच्या वेळी, कुणी नसताना. व्हिडिओ दाखवू नकोस. 'वस्ताद, तुम्ही असता तर कसे उभे राहिला असता?' असं विचार आणि त्यांना उभं राहून दाखवायला लाव. ते हात कुठं ठेवतात आणि टाच कुठं, ते नीट बघ. माझ्यापेक्षा चांगलं काही सांगितलं तर मला कळव.

आणि रात्रपाळीला स्लीपर घालणं बंद कर. मोंढ्यात साधे कॅनव्हासचे बूट मिळतात. मालकाकडं माग, नाही दिले तर पहिल्या तारखेला स्वतः घे, आणि लेस दुहेरी गाठ मारून बांध.